'शकला नाही' म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या परदेश पानावर गेल्या आठवड्यात एका कारखान्यातील दुर्घटनेची बातमी होती आणि तिच्या अखेरीस 'कंपनीचे प्रवक्ते प्रतिक्रिया देऊ शकले नाहीत' असे वाक्य होते. प्रवक्त्यांची वाचा बसली की काय, असे माझ्या पत्नीने विचारले. मूळ बातमी माझ्यापुढे नाही. पण इंग्रजी बातम्यांत त्या जागी ठरलेले असे 'कुड नॉट बी रीच्ड फॉर कॉमेंट' हे वाक्य तिथे असणार, याबद्दल तीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाला फारशी शंका उरत नाही. बातमीदाराने प्रवक्त्यांना गाठण्याचा प्रयत्न केला, पण ते सापडले नाहीत, एवढेच ते वाक्य सांगते. प्रवक्ते सापडले आणि त्यांनी बोलायचे नाकारले, तर तोच बातमीदार 'डिक्लाइन्ड टू कॉमेंट' असे लिहितो. प्रश्न पोहोचला पण उत्तर आले नाही, तर 'डिड नॉट रिस्पॉन्ड' असे लिहितो. या तीन वेगळ्या घटना आहेत, आणि वाचक त्यांवरून कंपनीबद्दल तीन वेगळी मते बनवतो. मराठीत येताना मात्र त्या तिन्हींवर 'शकले नाहीत' हा एकच शिक्का बसतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याला एखादी गोष्ट करता आली नाही हे सांगण्याच्या इंग्रजी भाषकांच्या रीती शाळेत शिकवल्या जातात त्याहून बऱ्याच अधिक आहेत. शाळेत 'कॅन' म्हणजे 'शकणे' आणि 'कुड' हा त्याचा भूतकाळ, एवढ्यावर काम भागवले जाते. (मीही वर्षानुवर्षे तसेच भागवले, हे कबूल करतो.) मुळात 'कॅन' हे अपुरे क्रियापद आहे. त्याला स्वतःचा भविष्यकाळ नाही, धातुसाधिते नाहीत. ती उणीव 'बी एबल टू' भरून काढते. जुन्या इंग्रजीत 'कॅन'चा अर्थ 'जाणणे' असा होता, आणि संस्कृतातील 'ज्ञा' धातूशी, म्हणजे आपल्या 'जाणणे'शीही, त्याचे दूरचे नाते आहे. आपले 'शकणे' मात्र 'शक्' धातूतून, शक्तीच्या घरातून आलेले आहे. तेव्हा ही दोन क्रियापदे जन्मापासूनच एकमेकांची प्रतिबिंबे नाहीत.

खरी मेख भूतकाळात आहे. 'मी गाडी सुटायच्या आत स्टेशनवर पोहोचू शकलो' हे वाक्य आपला विद्यार्थी 'आय कुड रीच द स्टेशन इन टाइम' असे करतो, आणि इंग्रज श्रोता पुढच्या 'पण'ची वाट पाहत राहतो. एका विशिष्ट प्रसंगी एखादी गोष्ट प्रत्यक्ष साधली हे सांगायला इंग्रजी माणूस 'कुड' वापरत नाही. तो 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' म्हणतो. नुसते 'कुड' अंगात क्षमता होती, एवढेच सांगते. ती त्या दिवशी उपयोगात आली की नाही, हे अध्याहृत राहते. नकारात मात्र हा भेद जवळजवळ मिटतो. 'कुडन्ट रीच' आणि 'वॉज नॉट एबल टू रीच' या दोहोंतून पोहोचलो नाही हेच कळते, कारण क्षमताच नव्हती म्हटल्यावर घटना घडण्याचा प्रश्न उरत नाही. मराठी हेच काम काळाच्या रूपावर सोपवते: 'तो पळू शकत होता' यात क्षमता आहे, 'तो पळू शकला' यात पळणे घडून गेले आहे. विद्यार्थ्याची चूक त्यामुळे अज्ञानातून कमी आणि मराठीच्या नेमकेपणावरील विश्वासातून अधिक होते. लाउरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये 'मॅनेज टू'सारख्या क्रियापदांचा एक स्वतंत्र गट दाखवून दिला. 'मॅनेज्ड टू' म्हटले की ती गोष्ट घडली हे आलेच, शिवाय ती सहज घडली नाही हेही सुचवले जाते. आपले 'कसेबसे' तिथे चपखल बसते.

असमर्थता कबूल करताना इंग्रजी माणूस नकार कोणत्या शब्दाला जोडतो, हेही पाहण्यासारखे आहे. दक्षिण ध्रुवावरून परतताना तंबूत अडकलेल्या कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांच्या दैनंदिनीत २९ मार्च १९१२ या तारखेची शेवटची नोंद आहे. तिच्यात 'इट सीम्स अ पिटी, बट आय डू नॉट थिंक आय कॅन राइट मोअर' असे वाक्य आहे. उपासमार आणि थंडी यांनी मरणाच्या दारात असलेला हा माणूस 'कॅनॉट' म्हणत नाही. नकार तो 'थिंक'ला लावतो आणि 'कॅन' अभंग ठेवतो. 'मी अधिक लिहू शकत नाही' या भाषांतराने अर्थ पोहोचेल, पण तो संकोच जाईल. मी 'खेदाची गोष्ट आहे, पण आता याहून अधिक लिहवेल असे वाटत नाही' असे करीन. 'लिहवणे', 'चालवणे', 'बघवणे' ही आपल्या व्याकरणातील शक्य क्रियापदे अशाच जागांसाठी आहेत, आणि ती वृत्तपत्रांच्या भाषेतून जवळपास हद्दपार झाली आहेत.

याच्या उलट टोकाला ब्रिटनचे राजे आठवे एडवर्ड आहेत. राजत्याग केल्यावर ११ डिसेंबर १९३६ रोजी रेडिओवरून बोलताना, आपल्या प्रिय स्त्रीच्या मदतीवाचून व आधारावाचून राजपदाचा भार वाहणे 'आय हॅव फाउंड इट इम्पॉसिबल' असे ते म्हणाले. 'कान्ट' नाही आणि 'वोन्ट' तर नाहीच. अशक्यता जणू बाहेर कुठेतरी पडून होती आणि ती त्यांना सापडली! जो सर्वस्वी स्वतःचा निर्णय होता, तो निरीक्षण म्हणून सांगण्याची ही हातोटी इंग्रजी सार्वजनिक जीवनात आजही जिवंत आहे. असे वाक्य 'मी भार वाहू शकत नाही' असे सरळ करून छापले, तर वक्त्याने जे मुद्दाम झाकले ते आपणही नकळत झाकतो.

शिष्टाचारातले 'अनेबल' हे याच कुळातले. निमंत्रण नाकारताना 'रिग्रेट दॅट आय अ‍ॅम अनेबल टू अटेंड' असे लिहिले, तर कोणी कारण विचारत नाही. यायचे नाही की येता येत नाही, हे मोघम ठेवणे हीच सभ्यता असते. आपले 'जमणार नाही' नेमके हेच करते. घराच्या दुरुस्तीसाठी मी मागितलेले कर्ज नाकारताना एका बँकेने मला मराठीतून 'आम्ही आपली विनंती स्वीकारण्यास असमर्थ आहोत' असे कळवले होते. एवढी मोठी संस्था माझ्या किरकोळ रकमेपुढे असमर्थ ठरल्याचे वाचून क्षणभर मलाच तिची कीव आली.

वस्तूंच्या बाबतीत इंग्रजी आणखी वेगळी वाट धरते. 'द कार वोन्ट स्टार्ट', 'द डोअर वुडन्ट ओपन' या वाक्यांतल्या 'विल'मध्ये मुळात इच्छा आहे. म्हणजे गाडी आणि दार नकार देत आहेत. इथे तर मराठीला उसनवारी करण्याचे काहीच कारण नाही. 'गाडी सुरू होईना', 'दार उघडेना' हे आपल्या घराघरांत रोज बोलले जाते आणि त्यात तोच हट्ट, तोच वारंवार केलेला प्रयत्न ऐकू येतो. असे असताना 'विमानाची चाके उघडू शकली नाहीत' असे आपण का लिहावे? 'वैमानिकाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, तरी चाके उघडेनात' असे म्हटले की प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

'फेल्ड टू'बद्दलही थोडे लिहिणे आवश्यक आहे. इंग्रजीत, विशेषतः कायद्याच्या भाषेत, त्याचा अर्थ अनेकदा 'जे करायला हवे होते ते केले नाही' इतकाच असतो. प्रयत्न झाला होता, असे त्यातून निघत नाही. म्हणून 'आरोपी न्यायालयात हजर राहण्यात अपयशी ठरला' हे वाक्य हास्यास्पद होते. बिचारा पायऱ्यांपर्यंत येऊन माघारी गेला, असे वाटते. तो हजर राहिला नाही, एवढे पुरे.

अनुवाद करणाऱ्या उपसंपादकांवर वेळेचे किती दडपण असते याची मला कल्पना आहे, आणि त्यांनी व्याकरणाची पुस्तके उघडून बसावे असे मी सुचवत नाही. इंग्रजी वाक्यात प्रयत्न झाला होता का, नकार कोणी दिला आणि न जमलेली गोष्ट नक्की कोणाला जमली नाही, एवढे पाहून घ्यावे, अशी विनंती आहे. गेल्या आठवड्यातले ते वाक्य 'कंपनीच्या प्रवक्त्यांशी संपर्क होऊ शकला नाही' असे हवे होते. तिथे 'शकला नाही' अगदी योग्य होते. ते फक्त भलत्या माणसाच्या नावावर लागले.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, मिरज