चिनू, रागावू नकोस

प्रिय चिनू,

काल फोनवर मी चिडायला नको होतं. नव्या कॉलेजात कुणाशी मैत्रीच करणार नाही, मग कुणी काही बोलायचा प्रश्नच नाही, असं तू म्हणालास आणि मी लगेच लेक्चर सुरू केलं. तू फोन ठेवलास. मग मला काही झोप लागली नाही.

सकाळी कपाट आवरताना तुझं पहिलीतलं चित्र सापडलं. आपण चौघं हातात हात धरून, बाबा, ताई, मी तपकिरी आणि तू एकटाच फिकट गुलाबी. खडू इतका दाबून घासलायस की तिथे कागद फाटलाय. तो स्किन कलर म्हणायचात तुम्ही. खडू बनवणाऱ्या क्रेयॉला कंपनीने त्या रंगाचं 'फ्लेश' (म्हणजे कातडीचा) हे नाव बदलून 'पीच' केलं त्याला 1962 पासून इतकी वर्षं झाली, तरी वर्गात तेच चालू होतं.

त्याच आठवड्यात तो मुलगा खेळताना तुझा हात धरेना, रंग लागेल म्हणाला, आणि तू घरी येऊन साबणाने हात घासत बसलास. मी काय म्हटलं, "लक्ष देऊ नकोस." बस्स. त्यानंतर तू कधी काही सांगितलंच नाहीस आणि मला वाटलं, मिटलं.

ताईने मागे सांगितलं होतं ना, अमेरिकेत क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने 3 ते 7 वर्षांच्या काळ्या मुलांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा, तर बहुतेकांनी गोरी चांगली म्हणून दाखवली. तुझ्यासारखी कुठली विचारल्यावर काही पोरं रडायलाच लागली. 3 वर्षांची रे! आणि मी तुला सहाव्या वर्षी लक्ष देऊ नकोस म्हणत होते.

नववीत त्या नवीन मुलीच्या नावाची सगळे टर उडवत होते तेव्हा तू उठून तिच्या बाकावर जाऊन बसलास. मला हे तिच्या आईकडून कळलं, तू नाही सांगितलंस. असा मुलगा आता कुणाशी बोलणारच नाही म्हणतो, म्हणून भीती वाटते. माणसं सगळी सारखी नसतात, आपण दार लावून घेतलं की... बघ, परत सुरू झालं माझं. सॉरी.

मैत्री करायची की नाही ते तुझं तू ठरव. पण कुणी काही बोललं तर मला सांगशील ना? रात्री कितीही वाजता कर फोन, मी मध्ये बोलणार नाही, नुसतं ऐकेन.

चित्र बाबांना अजून दाखवलं नाहीये.

आई