भंगारवाल्या मामांना आभाराचं पत्र

मामा, सादर नमस्कार.

बार्शी लाइट या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेची आम्ही छोटी प्रतिकृती करतोय; तिच्यासाठी तुम्ही वजनकाट्यावर न टाकता बाजूला ठेवलेल्या वस्तूंचं पुढे काय झालं ते तुम्हाला कळावं, म्हणून हे पत्र.

आजच्या कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शीला धावू लागलेल्या त्या गाडीच्या रुळांत ७६२ मिमी अंतर होतं. १:८७ मापात ते ८.७६ मिमी येतं, त्यामुळे ९ मिमी अंतराचा तयार रूळ चालतो.

सगळ्यात मोठे आभार जुन्या एटीएम कार्डांचे. नंबर आणि चिप आधीच कापून दिलीत, हे फार बरं केलंत. कार्डाची जाडी असते ०.७६ मिमी. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा मीटरभर रूळ ३० अंशांच्या फरकाने जवळपास अर्धा मिमी लांबतो, आणि सोलापुरात पत्र्याखालच्या खोलीत डिसेंबरची पहाट ते मेची दुपार एवढा फरक सहज पडतो. फट न ठेवलेला रूळ उन्हाळ्यात वाकतो आणि डबे नेमके तिथेच उतरतात. म्हणून थंडीत रूळ टाकताना दर मीटरच्या जोडात कार्डाचा तुकडा उभा धरतो, खिळे बसले की काढून घेतो. मे महिन्यात टाकायचा असेल तर लग्नपत्रिकेचा पुठ्ठा पुरतो. इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते, म्हणून फट ठेवली की विजेसाठी दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीवर भिस्त नको. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर हवी. उरलेल्या कार्डाची बरोबर ९ मिमी रुंद पट्टी कापली की अंतर तपासायचं माप तयार. रुळांतून सरकवत न्यायची; अडकली तिथे रूळ आवळलाय. प्लास्टिक असल्याने शॉर्टही होत नाही.

प्रिंटरची शाई भरायच्या १० मिलीच्या पिचकाऱ्या खडी चिकटवायला लागल्या. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, वर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. खडी आधी साबणपाण्याच्या फवाऱ्याने भिजवावी लागते, नाहीतर थेंब खडीला गुंडाळून घेत घरंगळतो. सांध्याच्या, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथल्या, हलत्या पट्टीजवळ मात्र गोंद नेत नाही. ती चिकटली की सांधा गेला. दवाखान्यातल्या सुया तुम्ही हातातही घेत नाही, ते अगदी योग्य आहे. पिचकारीला बोथट सुईच हवी.

फुटक्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून नव्या रुळावरून फिरवतो. सांडलेले खिळे, लोखंडाचा कीस पिशवीला चिकटतो; राहिला तर इंजिनाच्या मोटारीतलं चुंबक तो ओढून घेतं. कपड्यांचे चिमटे गोंद वाळेपर्यंत डब्यांच्या भिंती धरून ठेवतात. यंत्रमागाचे पुठ्ठ्याचे कोन तर फारच कामाचे: इंजिनाचं कवच वर अडकवलं की बोट न लावता चारी बाजूंनी रंग देता येतो.

मागावरचा सुताचा चोथा तेवढा परत घ्या. त्याने रूळ पुसले की धागे आसाला गुंडाळतात. रुळाला साधं खोडरबर बरं. पॉलिश पेपरने ओरखडे पडतात आणि त्यात मळ बसतो.

कार्डं आता पुष्कळ आहेत. पिचकाऱ्या आल्या तर ठेवा, मामा.

तुमचे,
सोलापूरचे छोट्या रेल्वेवाले