फोनची किंमत चौकटीत, अटी तळाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाची पहिली वेचणी विकली गेली की खान्देशातल्या मोबाइलच्या दुकानांत गर्दी सुरू होते. दसरा-दिवाळी आणि पुढे आखाजी (अक्षय्य तृतीया), हे खरेदीचे मुख्य हंगाम. जळगावचं गोलाणी मार्केट असो की शिरपूर-चोपड्यातलं एखादं दुकान, बहुतेक गिऱ्हाईक मॉडेलचं नाव घेत नाही, आकडा सांगतं: "बारापर्यंत दाखवा", "पंधराच्या आत बसवा". कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून बहुतेकांचे फोन ९,९९९, १४,९९९ आणि १९,९९९ याच आकड्यांभोवती घुटमळतात. एकानं पाचशे उतरवले की दुसऱ्यालाही उतरवावे लागतात. ही चुरस ग्राहकाच्या भल्याचीच आहे. पण आकडा वर नेता येत नाही तेव्हा कात्री आतल्या वस्तूला लागते, आणि ती नेमकी कुठे लागली हे दुकानातल्या अर्ध्या तासात कळत नाही.

स्टोरेजचंच पाहा. दोन्ही खोक्यांवर १२८ जीबी लिहिलेलं असतं. पण एकात ईएमएमसी ५.१ ही संथ चिप असते आणि हजार-दीड हजारानं महाग असलेल्या दुसऱ्यात यूएफएस २.२ ही वेगवान चिप. माहिती वाचण्याच्या वेगात तिप्पट-चौपट फरक. फोन नवा असताना तो जाणवत नाही. वर्ष-दीड वर्षात स्टोरेज भरत आलं की पैसे पाठवायचं ॲप उघडता उघडत नाही. "१२ जीबी रॅम" या जाहिरातीतही खरी रॅम अनेकदा ६ जीबी असते. उरलेली ६ स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि स्टोरेज ईएमएमसी असेल तर तिचा उपयोग नगण्य. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, त्यामुळे रॅम आणि स्टोरेजचे आकडे यंदा जास्तच बारकाईनं वाचायला हवेत.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. दहा हजारांच्या आतले काही ५जी फोन फक्त 'स्टँडअलोन' (४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालणारं) ५जी पकडतात. जिओचं ५जी त्याच पद्धतीचं असल्यानं तिथे ते चालतात. एअरटेलनं सुरुवात 'नॉन-स्टँडअलोन' म्हणजे ४जीच्या आधारानं चालणाऱ्या पद्धतीनं केली, त्यामुळे त्या सिमवर असा फोन ४जीवरच राहू शकतो. सिम कोणतं आहे हे किमतीआधी विचारणारा दुकानदार चांगला समजावा.

आणि आपलं ऊन! रावेर-यावलच्या केळीच्या बागेत मे महिन्यात ४४-४५ अंशांत ज्याला फोन वापरायचा आहे, त्यानं कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा स्क्रीनचा उजेड पाहावा. ४५०-५०० निट्सच्या (निट्स हे उजेडाचं माप) पडद्यावर भर उन्हात बाजारभाव वाचता येत नाही. हजारच्या आसपास निट्स असतील तर जमतं. तापलेला फोन चार्जिंगचा वेग आपोआप कमी करतो, तो बिघाड नव्हे. धुळीसाठी आयपी५४ किंवा आयपी६४ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहे का, तेही विचारावं. डिस्प्ले फुटला (दुरुस्तीवाले त्याला 'फोल्डर' म्हणतात) तर ॲमोलेडचा खर्च एलसीडीपेक्षा बराच जास्त येतो, म्हणून त्याचा दर फोन घेण्याआधीच काढून ठेवावा.

आता जाहिरातीतल्या आकड्याबद्दल. समजा चौकटीत ११,९९९ छापलंय. प्रत्यक्ष विक्री किंमत १३,४९९. त्यातून ठराविक बँकेच्या क्रेडिट कार्डावर १,००० आणि जुना फोन दिल्यास ५०० वजा. ज्याचं खातं जिल्हा बँकेत किंवा ग्रामीण बँकेत आहे आणि जो यूपीआयनं पैसे देतो, त्याच्यासाठी ११,९९९ ही किंमतच नाही. 'पासून' लिहिलेली किंमत सर्वांत कमी रॅमच्या फोनची असते, तो अनेकदा दुकानात शिल्लक नसतो, आणि "हजारच जास्त द्या" म्हणत ग्राहकाला वरच्या पायरीवर नेलं जातं. खोक्यावरची एमआरपी तर तुलनेला घेऊच नये. ती विक्री किमतीपेक्षा इतकी वर छापलेली असते की सूट मोठीच दिसते.

बिनव्याजी हप्त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पना अस्तित्वात नसल्याचं बँकांना बजावलं होतं. क्रेडिट कार्डावर १५,००० चा फोन २,५००च्या सहा हप्त्यांत घेतला आणि व्याज १५ टक्के धरलं, तर साधारण ६३५ रुपये व्याज सुरुवातीला सूट म्हणून वजा होतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ११४ रुपये, आणि प्रोसेसिंग फी ग्राहकाच्याच खिशातून जाते. दुकानातल्या फायनान्सवर फी वेगळी, हप्ता चुकला की दंड वेगळा. कर्जाचं 'मुख्य तथ्य विवरण' मागितल्यावर एकूण परतफेडीचा आकडा दिसतो. ते वाचल्याशिवाय ओटीपी सांगू नये.

"जीएसटी कमी झाला, मग फोन का उतरले नाहीत?" असं लोक विचारतात. सप्टेंबर २०२५च्या कपातीत मोबाइल नव्हते. त्यांच्यावर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्केच कर आहे. १४,९९९ मध्ये तो सुमारे २,२८८ रुपये होतो.

किमतीला महिन्यांनी भागून पाहावं. ११,९९९च्या फोनला दोन वर्षं सुरक्षा अपडेट (फोन सुरक्षित ठेवणाऱ्या, कंपनीकडून येणाऱ्या दुरुस्त्या) असतील तर महिना ५००. १४,९९९च्या फोनला चार वर्षं असतील आणि तो तेवढा वापरला तर महिना ३१२. हा काळ बहुधा फोन बाजारात आल्या दिवसापासून मोजतात, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. जुनं मॉडेल एकदम दोन हजारांनी उतरतं तेव्हा त्याचं आयुष्यही तेवढं सरलेलं असतं.

ऑनलाइन सेलमधले फोन दुकानांत पुन्हा विकले जातात. त्यांची वॉरंटी पहिल्या बिलापासून किंवा फोन चालू केल्यापासून धावू लागलेली असू शकते. म्हणून आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहिलेलं जीएसटी बिल घ्यावं, *#०६# दाबून तो क्रमांक जुळवावा, आणि तो खरा आहे का हे तपासायला इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून पुढे तो १५ अंकी क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आपल्या वृत्तपत्राला विनंती आहे की, मोबाइलची जाहिरात स्वीकारताना किमतीशेजारी तितक्याच ठळक अक्षरांत तीन गोष्टी छापण्याचा आग्रह धरावा: रॅम-स्टोरेज किती, कार्ड आणि एक्स्चेंज वगळून किंमत किती, सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत. दुकानदारांनी हाच मजकूर प्रत्येक फोनखालच्या पट्टीवर मराठीत लावावा.

आपला,
मोबाइल विक्री-दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक
भुसावळ