आठशे वर्षांची वाट आणि बांबूची टोपी

प्रिय मनू,

‘हेवन ऑफिशियल्स ब्लेसिंग’ या चिनी कादंबरीचे आठही भाग वाचून झाले. तू जाताना कपाटात रचून ठेवले होतेस, तिथून एकेक काढत गेले. पहिल्या भागात नावांनी दम काढला. कोण स्वर्गातला, कोण भुतांतला, कोणाचं आधीचं नाव काय, हे मागची यादी बघत बघत लावलं. पण गोष्टीचा नायक श्ये ल्यान बैलगाडीत चढला आणि तिथे गवतावर तो लाल कपड्यांतला मुलगा, म्हणजे भुतांचा राजा ह्वा छंग, पहुडलेला दिसला, तिथून पुढे पुस्तक खाली ठेववेना.

परवा फोनवर म्हणालीस, “आई, ह्वा छंगसारखं कुणीतरी हवं. आठशे वर्षं थांबणारं. इथे आठ मिनिटंसुद्धा कुणी थांबत नाही.” तुझं ते बोलणं मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगून टाकते. पुस्तकं देताना तू चाचरत विचारलं होतंस, दोघंही पुरुष आहेत, तुला चालेल ना? मला त्यात काहीच खटकलं नाही. श्ये ल्यानने केलेला तो भयंकर रस्सा ह्वा छंग आवडीने संपवतो, आणि श्ये ल्यान त्याच्या गिचमिड अक्षराला वळण लावायला शेजारी बसतो. संसार यालाच म्हणतात. ह्वा छंगने श्ये ल्यानच्याच मूर्ती कोरलेली ती दहा हजार मूर्तींची गुहा मात्र मला जड गेली. कुणी आपल्याला इतक्या वेळा दगडात कोरलं, तर त्या मूर्तींसमोर माणूस म्हणून उभं राहायला जागा उरते का? मला तो रस्सा त्या गुहेहून मोठा वाटतो.

मो श्यांग थोंग श्यौ या लेखिकेने २०१७ साली चिनी संकेतस्थळावर ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने लिहायला घेतली. इतक्या लांबलचक गोष्टीत अमरपणाचं कौतुक तिने कुठेच केलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. श्ये ल्यान सतराव्या वर्षी देव झाला, दोनदा स्वर्गातून हाकलला गेला, तिसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचं एक देऊळ उरलेलं नाही आणि तो भंगार गोळा करून पोट भरतो. मरण नाही म्हणजे काय, ते त्याच्या आधीच्या, एका देवळातल्या प्रसंगात कळतं. रोगाच्या भीतीने लोक एकामागून एक येऊन त्याच्या अंगात तलवार खुपसतात, आणि तो मरत नाही, म्हणून ते थांबतही नाही. ह्वा छंग तेव्हा नुसती एक ज्योत आहे, त्याला काही करता येत नाही. ती पानं मी एका बैठकीत वाचू शकले नाही, मध्ये उठून अंगणात जाऊन आले.

भुतांचं मला नवल वाटलं नाही. आमच्या गावात देवचार राखण करतो, रात्री वाट चुकलेल्याला घरी पोचवतो, असं ऐकतच मी मोठी झाले. पण भुताचा जीव त्याच्या राखेत असतो, म्हणून प्रत्येक भूत ती लपवून ठेवतं, आणि ह्वा छंग तिचीच अंगठी करून श्ये ल्यानच्या हाती देतो! तो कुणाला इतका जपतो ते सांगायला यापुढे शब्दच लागत नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते. श्ये ल्यान तलवार अंगात घेऊन भर रस्त्यातल्या खड्ड्यात पडून राहतो, आठवतंय? एकाने जरी हात दिला तरी तो सूड घेणार नाही, नाहीतर सगळ्या गावावर रोग सोडणार. लोक बघून निघून जातात. मग धो धो पाऊस लागतो. घाईत चाललेला एक माणूस त्या खड्ड्यात घसरतो, वैतागतो, शिव्या घालतो. आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावरची बांबूची टोपी काढून याला घालतो, हाताला धरून उठवतो. त्या माणसाचं नावसुद्धा आपल्याला कळत नाही. आठशे वर्षं थांबलेल्याची सोबत पुढे लाभते, पण श्ये ल्यान श्ये ल्यान म्हणून शिल्लक राहिला तो या माणसामुळे. ह्वा छंग त्या वेळीही त्याच्या मागे उभा होता, जीव ओवाळून टाकायला तयार, पण सूड थांबला तो टोपीमुळे.

म्हणून मला तुझं ते आठ मिनिटांचं गणित पटत नाही, मनू. तुला ताप आला होता तेव्हा शेजारच्या खाटेवरची मुलगी मेसमधून वरणभात घेऊन आली होती, हे तूच सांगितलंस. आणि लगेच म्हणालीस, “पण ती काही माझी तशी मैत्रीण नाही.” तशी नसेल. तरी ती जिना चढून ताट घेऊन आली.

श छिंगश्वेनचंही तसंच बघ. वाऱ्याचा देव होता, तोवर भोवती किती गोतावळा. सगळं गेल्यावर मोडक्या हातापायाने भिकाऱ्यांत राहतो, आणि राजधानीवर संकट येतं तेव्हा तेच भिकारी त्याच्या शब्दाखातर हातात हात धरून उभे राहतात. मला सगळ्या पुस्तकात तोच सर्वांत आवडला. तुझं मत वेगळं असणार, तू त्याच्या घरावर सूड उगवणाऱ्या ब्लॅक वॉटर या भुताची बाजू घेणार हे माहीत आहे. त्यावर समोरासमोर भांडू.

दिवाळीची तिकिटं बाबा या आठवड्यात काढताहेत. त्या मुलीचं घर लांब आहे म्हणाली होतीस, ती सुट्टीत कुठे जाणार आहे ते विचार. येत असेल तर तिचंही तिकीट काढायला सांगते. आणि तिला तिखट चालतं का तेही कळव, म्हणजे चकलीची भाजणी त्या बेताने करते.

तुझी,
आई