रोजची दुखीची गोळी आणि डेंग्यूचा ताप

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डेंग्यूच्या बातमीत धूरफवारणी असते, प्लेटलेटचा आकडा असतो. ताप येण्याआधी तो माणूस रोज कोणती गोळी घेत होता, हे मात्र त्यात नसतं. मराठवाड्यात गुडघे किंवा कंबर धरलेलं कुणी नाही असं घर शोधावं लागेल, आणि अशा माणसाच्या उशाशी दुखीच्या गोळ्यांची पट्टी असतेच. ऐन पावसाळ्यात घात होतो तो या पट्टीमुळे. म्हणून हे पत्र.

झिजेची गुडघेदुखी किंवा मणक्याची दुखी अंगातली प्रतिकारशक्ती कमी करत नाही. धोका औषधाचा असतो. आमवाताचं (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो आजार) तसं नाही. तिथे आजारही आणि त्यावरची औषधंही शरीराची लढण्याची ताकद घटवतात. त्यामुळे आमवाताच्या रुग्णाने साधा वाटणारा तापही अंगावर काढू नये.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं काम मंदावतात. अ‍ॅस्पिरिनचा हा परिणाम तर सात ते दहा दिवस राहतो. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. जठराचं अस्तर याच गोळ्यांनी हुळहुळं झालेलं असतं, त्यामुळे पोटात रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही. त्यात ताप-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर मूत्रपिंडांवरही ताण येतो. दुसरा घोटाळा निदानाचा. गोळीने ताप दबतो, अंग मोडून आलं तर ‘आपली नेहमीचीच दुखी’ म्हणून सोडून दिलं जातं आणि पहिले तीन-चार दिवस हातचे जातात. रक्तात डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांतच कामाची असते. त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते.

‘एक सुई मारा, उद्या कामाला जायचंय’ हा आग्रह तर धरूच नये. प्लेटलेट उतरलेल्या असताना कमरेत दिलेल्या सुईने स्नायूत रक्त साचतं आणि गाठ धरते.

म्हणून साथीच्या दिवसांत ताप आला की, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत रोजची दुखीची गोळी बंद ठेवावी. हृदयासाठी किंवा स्टेंटनंतर दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने थांबवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. ताप आणि दुखी दोन्हींसाठी प्रौढाने फक्त पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने घ्यावी. दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. यकृताचा आजार, दारू किंवा फार कमी वजन असेल तर त्याहून बरीच कमी.

इथे हिशोब चुकतो. सांधेदुखीच्या जोडगोळीत डायक्लोफेनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ती दोनदा घेतली की ६५०. तापाची ६५० ची गोळी चार वेळा, म्हणजे २६००. सर्दीच्या गोळीत ५०० असेल आणि ती तीनदा घेतली तर १५००. बेरीज ४७५० मिलिग्रॅम. तिन्ही पट्ट्यांचे रंग वेगळे आणि नावं वेगळी, म्हणून तिन्हींत तेच औषध आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात. ते घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्यावेत.

त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे बाजारच्या दिवशी मिळणारी वाताची पुडी. दोन पुड्यांत गुडघे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, अंगावर जरासं लागलं तरी काळं-निळं पडतं, तर त्या पुडीत स्टेरॉइड असल्याची दाट शंका घ्यावी. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग तापात उलट्या होऊन पुडी पोटात टिकली नाही, किंवा घाबरून एकदम बंद केली, तर रक्तदाब कोसळतो, माणूस गुंगीत जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळीही अशीच अचानक तोडू नये. आजारपणात तिची मात्रा उलट वाढवावी लागते. पुडी घेत असाल तर दवाखान्यात न लाजता सांगा आणि उरलेली पुडी सोबत न्या. डॉक्टरांनीही ती पाहून रागावू नये, नाहीतर पुढच्या खेपेला रुग्ण ती लपवतो.

आमवातासाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ताप असताना त्या आठवड्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तिच्याबरोबर ट्रायमेथोप्रिम असलेलं प्रतिजैविक आलं तर पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात. तोंडात फोड आले तर लगेच रक्त तपासावं. ट्रामाडॉल किंवा प्रिगॅबॅलिन ही दुखीची औषधं गुंगी आणतात आणि श्वास मंदावू शकतात, म्हणून ती घेणारा रुग्ण फ्लूमध्ये सारखा झोपून राहिला तर ‘विश्रांती घेतोय’ असं समजू नका. बोटाला ऑक्सिमीटर लावा. ९४ च्या खाली आकडा दिसला तर दवाखाना गाठा. आमवाताच्या रुग्णांनी फ्लूची लस दरवर्षी मे-जूनमध्ये, पावसाआधी घ्यावी. सुईने देतात ती लस निष्क्रिय विषाणूची असते, म्हणून प्रतिकारशक्ती कमी असली तरी ती चालते.

ताप उतरला म्हणजे बरं वाटलं, असं डेंग्यूत धरू नये. तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अस्वस्थपणा किंवा सहा तास लघवी न होणं, यांपैकी एकही दिसलं तर रात्र काढू नये.

आमची मागणी एवढीच आहे की आशाताईंनी तापाच्या घरी गेल्यावर ‘दुखीसाठी काय घेता?’ हा प्रश्न विचारावा आणि पट्टी हातात घेऊन पाहावी. औषध दुकानांनी सप्टेंबर ते नोव्हेंबरात तापाच्या रुग्णाला चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक देऊ नये. दसरा-दिवाळीनंतर बीड, परभणी, जालन्यातल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांवर जातात, तेव्हा सहा महिन्यांच्या गाठोड्यात दुखीच्या गोळ्या बांधलेल्या असतात. त्यात पॅरासिटामॉलची वेगळी पट्टी आणि ओआरएसची पाकिटं असावीत, एक पाकीट एका लिटर पाण्यात हेही सांगितलेलं असावं. मुकादमांच्या बैठका टोळ्या निघण्याआधी होतात. आरोग्य विभागाचा माणूस तिथेच पोहोचला पाहिजे.

आपला,
एक फार्मासिस्ट, अंबाजोगाई