हायब्रिडचा हिशेब लिटरमध्ये मांडावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाहनविषयक पानावर हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या, मोटारींच्या नव्या-जुन्या पिढ्यांची तुलना अधूनमधून येते आणि मी ती आवर्जून वाचतो. या तुलनेत प्रत्येक गाडीपुढे ‘एका लिटरमध्ये इतके किलोमीटर’ असा एकच आकडा असतो आणि तो मागच्या पिढीपेक्षा मोठा दिसला की नवी गाडी किफायतशीर ठरवली जाते. माझी सारी नोकरी मालवाहतुकीच्या व्यवसायात हिशेब ठेवण्यात गेली. तिथे ट्रकचा मालक ‘या फेरीला डिझेल किती लागले?’ असे विचारतो, कारण खिशातून पैसे जातात ते डिझेलचे. मोटारीबाबतही प्रश्न असाच विचारला, तर हायब्रिडच्या पिढ्यांचे चित्र बरेच वेगळे दिसते, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

हा हिशेब मी घरच्या गरजेपोटी मांडला. माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत राहतात. त्यांच्याकडे टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे अमेरिकेत 2004 ते 2009 या वर्षांची मॉडेल म्हणून विकली गेलेली, सेकंडहँड घेतलेली गाडी आहे. ती काढून पाचव्या पिढीची, 2023 ची नवी प्रियस घ्यावी का, असे जावईबापूंनी मला विचारले. पिढ्यांच्या तुलनेसाठी प्रियसइतकी सोयीची दुसरी गाडी नाही. डिसेंबर 1997 मध्ये ती जपानमध्ये विक्रीस आली आणि तेव्हापासून एकाच नावाखाली तिच्या पाच पिढ्या झाल्या.

पहिली अडचण चाचणीची आली. जपानमध्ये पहिल्या प्रियसचा अधिकृत आकडा लिटरला 28 किलोमीटर होता. तिसऱ्या पिढीच्या सर्वांत काटकसरी आवृत्तीचा आकडा जुन्या चाचणीत 38 आणि पुढे आलेल्या चाचणीत 32.6 असा दोन प्रकारे सांगितला गेला. गाडी तीच, इंजिन तेच, मोजण्याची रीत तेवढी बदलली. अमेरिकेतही हेच घडले. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 च्या मॉडेलपासून चाचणीत वेगवान चालवणे, एसी आणि थंड हवामान यांचा विचार सुरू केला, तेव्हा दुसऱ्या पिढीच्या प्रियसचा शहर आणि महामार्ग मिळून एकत्रित आकडा गॅलनला 55 मैलांवरून 46 वर उतरला. म्हणजे त्या गाडीच्या जुन्या जाहिरातीतला आकडा आजच्या गाडीच्या आकड्याशेजारी ठेवला, तर नवी गाडी जवळपास सुधारलीच नाही असे वाटेल, आणि जपानमधले आकडे चाचणी न पाहता एका रांगेत लावले, तर पाचवी पिढी तिसरीपेक्षा मागे गेल्याचाही भास होईल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. सुदैवाने अमेरिकी संस्थेने जुन्या गाड्यांचे आकडेही नव्या रीतीने पुन्हा काढून ठेवले आहेत, म्हणून पुढच्या हिशेबात मी तेच घेतले.

त्या आकड्यांप्रमाणे पहिल्या पिढीची गाडी गॅलनला 41 मैल जाते, दुसरी 46, तिसरी 50, चौथीची नेहमीची आवृत्ती 52 आणि पाचवीची मूळ आवृत्ती 57. आपल्या सवयीच्या भाषेत साधारण 17.4, 19.6, 21.3, 22.1 आणि 24.2 किलोमीटर प्रतिलिटर. आता हेच 100 किलोमीटरला लागणाऱ्या पेट्रोलमध्ये पाहू: 5.74 लिटर, 5.11, 4.70, 4.52 आणि 4.13. पहिल्या पिढीकडून दुसरीकडे जाताना प्रत्येक 100 किलोमीटरला सुमारे 0.63 लिटर वाचते, दुसरीकडून तिसरीकडे 0.41 आणि तिसरीकडून चौथीकडे जेमतेम 0.18. चौथीकडून पाचवीकडे ही बचत पुन्हा 0.39 लिटरवर जाते, आणि तीही 1.8 लिटरच्या जागी 2 लिटरचे इंजिन बसवून, एकूण ताकद 121 अश्वशक्तीवरून 194 वर नेऊन. ही अभियांत्रिकीची मोठी कामगिरी आहे आणि तिचे कौतुक मनापासून केले पाहिजे. तरीही वर्षाला 15,000 किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ही बचत साठ लिटरच्याही आतच राहते.

यातून आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाचव्या पिढीच्या मूळ आवृत्तीला 17 इंची चाके आहेत आणि तिचा आकडा 57 आहे. वरच्या आवृत्त्यांना 19 इंची चाके येतात आणि त्यांचा आकडा 52 आहे, म्हणजे चौथ्या पिढीच्या नेहमीच्या गाडीइतकाच. इंजिन, मोटर आणि बॅटरी यांवर सात वर्षांत केलेल्या कामातून इंधनात जे मिळाले, ते मोठ्या चाकांच्या आणि जास्त सामानाच्या आवृत्तीत पुन्हा खर्ची पडते. शिवाय 19 इंची टायर बदलायलाही महाग. त्यामुळे पिढी विचारण्याआधी आवृत्ती आणि चाकाचे माप विचारावे, असे मी कोणालाही सांगेन.

जावईबापूंच्या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांतूनच निघाले. दुसऱ्या पिढीतून पाचवीत गेल्यास 100 किलोमीटरला 0.98 लिटर वाचेल. वर्षाला 20,000 किलोमीटर धरले, तर 196 लिटर, म्हणजे सुमारे 52 गॅलन. गॅलनला साडेतीन डॉलर धरले, तर वर्षाची बचत 180 डॉलरच्या आसपास, आणि नव्या गाडीची किंमत 27,000 डॉलरच्या पुढे. सुरक्षितता, आराम किंवा जुन्या गाडीचे वाढते वय यांसाठी नवी गाडी घेणे योग्य असू शकते. पेट्रोल वाचावे म्हणून घेणे मात्र हिशेबात बसत नाही.

खरी उडी कुठे आहे, ते पाहण्यासाठी मी याच कंपनीची 2023 ची साधी पेट्रोल कोरोला शेजारी ठेवली. तिचा एकत्रित आकडा गॅलनला 35 मैल आहे, म्हणजे 100 किलोमीटरला 6.72 लिटर. वीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याची हायब्रिड 5.11 लिटरमध्ये जे अंतर कापते, त्याला अगदी नवी साधी पेट्रोल गाडी दीड लिटरहून अधिक जास्त घेते. हा फरकही सगळीकडे सारखा नाही. शहरात जुन्या प्रियसला 4.90 लिटर लागतात आणि कोरोलाला त्याहून अडीच लिटरच्या आसपास अधिक, महामार्गावर प्रियसला 5.23 आणि कोरोलाला त्याहून अर्धा-पाऊण लिटरच जास्त. शहरातली बचत महामार्गाच्या चौपटीहून अधिक. याचे कारण हायब्रिडच्या रचनेतच आहे. ब्रेक दाबताना उष्णतेत वाया जाणारी शक्ती मोटर जनित्र होऊन बॅटरीत परत भरते, सिग्नलला इंजिन बंद राहते आणि गाडी हलते ती विजेवर. एकसारख्या वेगाने धावताना यातले फारसे काही घडतच नाही. ज्यांची गाडी मुख्यतः द्रुतगती मार्गावर धावते आणि ज्यांची पुण्यातल्या कर्वे रस्त्यावर संध्याकाळी अडकते, त्या दोघांना हायब्रिडबद्दल एकच सल्ला देता येणार नाही.

आता आपल्याकडचे पाहू. प्रियस 2010 मध्ये तिसऱ्या पिढीच्या रूपाने भारतात आली, पण पूर्ण बांधणीची आयात गाडी म्हणून तिची किंमत 26 लाखांच्या पुढे होती आणि ती रस्त्यावर क्वचितच दिसली. सामान्य ग्राहकाच्या ओळखीचा झाला तो माइल्ड हायब्रिड, 2015 च्या सियाझसारख्या गाड्यांतून. त्यात इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर असते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. तरी अशा गाड्यांना सरकारी अनुदान मिळाले आणि ते 1 एप्रिल 2017 पासून थांबले. 2022 मध्ये होंडा सिटी, ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर या गाड्यांतून स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे जिची मोटर एकटीही गाडी ओढू शकते ती, मध्यमवर्गाच्या जवळपास आली. दोन्ही प्रकारांना ‘हायब्रिड’ हे एकच नाव असल्याने ग्राहक त्यांना एकाच गाडीच्या दोन पिढ्या समजतो. मोठी गफलत होते ती इथेच.

ग्रँड व्हिटाराच्या माइल्ड हायब्रिड ऑटोमॅटिकचा प्रमाणित आकडा 20.58 होता आणि स्ट्राँग हायब्रिडचा 27.97. तुलना ऑटोमॅटिकशीच करायला हवी, कारण स्ट्राँग हायब्रिडलाही क्लच नाही. लिटरमध्ये हे 4.86 आणि 3.58, म्हणजे फरक 1.28 लिटरचा. पेट्रोल हिशेबाच्या सोयीसाठी 100 रुपये लिटर धरले, तर वर्षाला 10,000 किलोमीटर चालवणाऱ्याचे 12,800 रुपये वाचतात. गाडीच्या किमतीत दोन लाखांचा फरक असेल, तर तो भरून निघायला साडेपंधरा वर्षे लागतील. वर्षाला 25,000 किलोमीटर चालवणाऱ्याला मात्र सव्वासहा. हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून आणि ताशी 90 किलोमीटरच्या वर न जाता घेतलेल्या चाचणीचे आहेत, म्हणून प्रत्यक्षात दोन्ही गाड्या त्यापेक्षा जास्त पेट्रोल घेतील. पण गर्दीत माइल्ड हायब्रिडची घसरण अधिक होते, त्यामुळे शहरातल्या माणसाचा फरक यापेक्षा लवकर भरून निघू शकतो. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेच्या टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या पुणेकराला तरी हा फरक ठाऊक असावा असे वाटते, पण शोरूममध्ये ऐकू येतो तो 27.97 हाच आकडा.

चालवण्याचा खर्च म्हणजे फक्त पेट्रोल नव्हे. हायब्रिडमध्ये ब्रेक पॅड बराच काळ टिकतात, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटर करते. प्रियसमध्ये वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नाही, आणि तिसऱ्या पिढीपासून इंजिनावरचा पट्टाही गेला, तेव्हा हे भाग बदलण्याचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या बाजूला मोठी बॅटरी आहे. भारतात प्रमुख कंपन्या तिच्यावर 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी हमी देतात. अमेरिकेत टोयोटाने 2020 च्या मॉडेलपासून ती 8 वर्षांवरून 10 वर्षांवर नेली. सेकंडहँड गाडी घेताना या हमीतली किती वर्षे उरली आहेत, हा आकडा अॅव्हरेजपेक्षा अधिक मोलाचा आहे. आणि एक साधी गोष्ट, जी सर्व्हिसिंगच्या यादीत सहज राहून जाते: बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची हवा अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. आपल्या धुळीत ती जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि तिचे आयुष्य घटते. जाळी साफ करण्याचा खर्च जवळपास शून्य आहे, बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र अनेक वर्षांची पेट्रोलबचत एका दिवसात संपवू शकतो.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, यापुढे हायब्रिडची तुलना छापताना ‘100 किलोमीटरला लिटर’ हा रकाना द्यावा, तो शहर आणि महामार्ग असा वेगळा असावा, आकडा कोणत्या चाचणीतला आणि कोणत्या मापाच्या चाकांवरचा आहे ते लिहावे, आणि शेजारी बॅटरीची हमी व हमी संपल्यानंतरची बदलण्याची किंमतही छापावी. वाचकांपैकी ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांच्या नोंदीही मागवता येतील. फक्त त्या डॅशबोर्डवरच्या आकड्यांच्या नसाव्यात, टाकी काठोकाठ भरून दोन भरण्यांमधले किलोमीटर मोजून केलेल्या असाव्यात. माझ्या हिशेबाच्या वह्या मी त्यासाठी आनंदाने पाठवीन. न्यू जर्सीतली जुनी प्रियस तूर्त तिथेच आहे. जावईबापूंनी मागच्या सीटजवळची जाळी साफ करून घेतली आहे.

आपला,
एक नियमित वाचक
कोथरूड, पुणे