झाकण उघडले म्हणून वॉरंटी जातेच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की लॅपटॉपच्या दुकानांत हमखास सांगितले जाते, 'आत्ता ८ जीबी रॅमचा घ्या, पुढे वाढवता येईल.' सहा महिन्यांनी वाढवायची वेळ आली की त्याच काउंटरवरून ऐकावे लागते, 'बाहेर उघडलात तर वॉरंटी गेली.' ही दोन्ही वाक्ये अर्धी खरी आहेत आणि दोन्हींची अर्धी बाजू ग्राहकाला महागात पडते.

डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या बहुतेक मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल आपापल्या संकेतस्थळांवर फुकट ठेवतात. झाकण कसे काढायचे, बॅटरीचा कनेक्टर कुठे आहे, हे त्यात चित्रांसह असते. ग्राहकाने स्वतः बदलायच्या भागांची यादीही असते. अशा भागांना 'सीआरयू' (कस्टमर रिप्लेसेबल युनिट) म्हणतात. रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) पुष्कळ मॉडेलमध्ये या यादीत असतात, पण सगळ्या नाही. काही मॉडेलमध्ये 'फक्त अधिकृत तंत्रज्ञाने' असा शेरा असतो. म्हणून नुसत्या ब्रँडवर न जाता नेमका मॉडेल क्रमांक बघावा. त्याहून उत्तम म्हणजे कंपनीला सिरियल नंबरसह ई-मेल करून विचारावे: रॅम व एसएसडी स्वतः बदलल्यास उरलेल्या भागांची वॉरंटी कायम राहील का? फोनवरचे 'हो सर' नंतर उपयोगाचे नसते, लेखी उत्तर असते. एखाद्या स्क्रूवर कागदी सील असेल तर ते फाडण्याआधीच हे विचारावे.

अमेरिकेत १९७५च्या वॉरंटी कायद्यामुळे 'सील फाटले, वॉरंटी संपली' अशी अट सहसा टिकत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये सहा कंपन्यांना तशी समजही दिली. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही आणि तिकडून भावाने आणलेल्या लॅपटॉपला तो कायदा इथे येऊन वाचवत नाही. आपला आधार म्हणजे कंपनीने लिहून दिलेल्या अटी आणि २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा.

आता रॅम. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'फॉर्म फॅक्टर' बघा. 'रो ऑफ चिप्स' असे दिसले तर रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे न निघणारी आहे. लॅपटॉपच्या माहितीत एलपीडीडीआर (कमी वीज घेणारी रॅम) लिहिले असेल तरीही बहुधा तेच. मात्र काही मॉडेलमध्ये ८ जीबी सोल्डर आणि शेजारी एक स्लॉट रिकामा अशी सोय असते, म्हणून मॅन्युअलशी ताडून पाहावे. स्लॉट असला तर रॅम डीडीआर४ पिढीची की नंतरच्या डीडीआर५ची, हे आधी नक्की करावे. पहिल्याला २६० पिना आणि १.२ व्होल्ट, दुसऱ्याला २६२ पिना आणि १.१ व्होल्ट, खाचही वेगळ्या जागी. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही आणि जोर लावला तर स्लॉट तुटतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८च्या दोन पट्ट्या बऱ्या, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच रॅमवर चालते आणि दोन वाटांनी त्याला डेटा लवकर मिळतो.

वॉरंटी खरी जाते ती झाकण उघडताना काही मोडले तर. क्लिप तुटली, स्क्रूचे डोके झिजले, रिबन केबल फाटली की सर्व्हिस सेंटरच्या कागदावर 'सीआयडी' असा शेरा पडतो. यात पोलिसांचा संबंध नाही. 'कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज', म्हणजे नुकसान ग्राहकाने केले, असा त्याचा अर्थ. हा शेरा पुसणे महाकठीण. म्हणून स्क्रूड्रायव्हर बरोबर मापाचा घ्यावा: बहुतेकदा फिलिप्स ०, काही मॉडेलना टॉर्क्स टी५. काही स्क्रू खालच्या रबरी पायांखाली दडलेले असतात. सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो किंवा बोर्डाला इजा होते. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. झाकण पेचकसाच्या टोकाने उचकटू नये, जुने एटीएम कार्ड पुरते.

उघडण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, चार्जर काढावा. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो वापरावा. झाकण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवावा. वायर ओढून नाही, कनेक्टरला धरून. मग पॉवरचे बटण १५ सेकंद दाबून धरावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत अंगावरच्या स्थिर विजेची भीती खरी असते, तेव्हा आधी उघड्या धातूला हात लावावा आणि सतरंजीवर बसून हे काम करू नये. रॅमची पट्टी साधारण ३० अंशांत तिरकी आत सारावी, सोनेरी कडा जवळपास दिसेनाशी होईपर्यंत, मग खाली दाबावी; दोन्ही बाजूंचे खटके वाजले पाहिजेत. डीडीआर५ बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते. मशीन नवी मेमरी पडताळत असते. घाबरून बटण दाबत बसू नये.

एसएसडीत दोन धोके: माप चुकते किंवा डेटा जातो. मापाच्या आकड्यात २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ आणि २२३० त्याहून आखूड. जागा मोजूनच घ्यावी. पातळ लॅपटॉपमध्ये दोन्ही बाजूंना चिप असलेली किंवा जाड हीटसिंकची (उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीची) एसएसडी बसत नाही. रिकाम्या दुसऱ्या स्लॉटला पुष्कळदा स्क्रू दिलेलाच नसतो, तो वेगळा आणावा लागतो. एसएसडीवरचे लेबल काढले तर उष्णता लवकर जाईल असे समजून ते काढू नये. त्याने एसएसडीचीच वॉरंटी जाऊ शकते.

विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते. म्हणून काम सुरू करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्यावी आणि बिटलॉकर (हे कुलूप लावणारी विंडोजची सोय) तात्पुरते थांबवावे. विंडोज नव्याने टाकत असाल तर परवान्याची चिंता नको, त्याची की सहसा बोर्डावरच्या चिपमधल्या फर्मवेअरमध्ये असते. पण इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. ती बिघडलेली नसते. कंपनीच्या संकेतस्थळावरचा व्हीएमडी-आरएसटी ड्रायव्हर (एसएसडी ओळखायला लागणारे इंटेलचे सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर ठेवून तिथेच लोड करावा लागतो. या एका कारणासाठी चांगल्या एसएसडी दुकानात परत येतात.

काढलेली मूळ रॅम व एसएसडी विकू नये, वॉरंटी संपेपर्यंत पाकिटात जपावी. नव्या भागांचे बिल वेगळे ठेवावे, कारण त्यांची वॉरंटी त्यांच्याच कंपनीकडे. स्क्रीन किंवा कीबोर्ड बिघडला तर मूळ भाग बसवूनच लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला द्यावा. 'तुमच्या रॅममुळे झाले' हा वाद मिटतो आणि आपला डेटाही घरीच राहतो. तरीही वॉरंटी नाकारली तर नेमका कोणता भाग कशाने बिघडला हे जॉबशीटवर लिहून मागावे. त्या कागदाच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी (दुरुस्तीच्या हक्कासाठी) समिती नेमली, पोर्टलही सुरू केले. त्यापुढचे पाऊल म्हणून लॅपटॉपच्या खोक्यावर तीन ओळी सक्तीच्या कराव्यात: रॅम किती सोल्डर आणि किती स्लॉटमध्ये, किती स्लॉट रिकामे, आणि ग्राहकाने स्वतः काय बदलले तर चालते. तोपर्यंत ग्राहकाने निदान स्लॉटची माहिती बिलावर लिहून मागावी आणि मगच पैसे द्यावेत.

– एक हार्डवेअर तंत्रज्ञ, पुणे